वासरामागून आलेली टपालगाडी

कोबीच्या वाफ्यात शिरलेली एक गाय झ्युरिकच्या कलासंग्रहालयात मानाने भिंतीवर आहे. ती रंगवली स्विस चित्रकार रुडॉल्फ कोलरने, १८५७-५८ साली. गोठ्यातली साधी गाय हाही एखाद्या मोठ्या चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्याने मनापासून मानलं.

कोलर १८२८ साली झ्युरिकलाच जन्मला. वडील खाटीक, शिवाय खानावळ चालवायचे. ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत शिकताना चित्रकार आर्नोल्ड बोक्लिनशी त्याची मैत्री जमली. पुढे पॅरिसला जाऊन लूव्रमध्ये जुन्या डच चित्रकारांचा अभ्यास झाला.

पण त्याची खरी शाळा भरली ती तळ्याकाठी. १८६२ साली त्याने झ्युरिकच्या सरोवरालगत, झ्युरिकहॉर्न इथे घर घेतलं आणि तिथे स्वतःची गुरं पाळली. बाहेर उघड्यावर, उन्हात जनावर समोर उभं करून तो रंगवायचा. जनावर कुठे सांगितलेल्या जागी उभं राहतं! ते मान वळवणार, माश्या हाकलणार, चालू लागणार. ही सगळी हालचाल कोलरच्या हातात मुरली, म्हणूनच त्याच्या गाईंच्या अंगाला वजन आहे.

त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे १८७३ सालचं ‘गॉटहार्डची टपालगाडी’. आल्फ्रेड एशर हे स्वित्झर्लंडमधले रेल्वेचे मोठे प्रवर्तक. त्यांना भेट म्हणून देण्यासाठी एका रेल्वे कंपनीनेच हे चित्र काढायला सांगितलं होतं. आल्प्स पोखरून गॉटहार्डच्या घाटाखालून रेल्वेचा बोगदा काढण्याचं काम आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. तरी कोलरने आगगाडी रंगवली नाही. त्याने घाटातली घोड्यांची गाडी घेतली.

चित्राकडे जरा नीट बघू या. घाटाच्या वळणावरून पाच घोडे धुरळा उडवत उतारावर येताहेत. मागे गाडी, आणि त्यामागच्या धुळीत गुरांचा कळप. आणि सगळ्यांच्या पुढे एक बिथरलेलं वासरू चौखूर उधळलंय, थेट आपल्याच दिशेने. बाजूला व्हायचं त्याला सुचत नाही. घोड्यांचे खूर त्याच्या पाठीशी येऊन भिडलेत. छायाचित्रकार मायब्रिजने धावत्या घोड्याची गाजलेली छायाचित्रं घेतली ती १८७८ साली, म्हणजे कोलरने ही दौड टिपली ती नुसत्या डोळ्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या निरीक्षणावर. घोडे देखणे आहेतच, पण जीव गुंततो तो त्या वासरात. वाचेल का ते? चित्र सांगत नाही.

त्याच डोळ्यांनी मात्र दगा दिला. १८७०च्या सुमारास त्याची दृष्टी अधू होऊ लागली होती. ही टपालगाडी त्या त्रासाच्या काळातली आहे, हे कळल्यावर तिच्याबद्दलचा आदर दुणावतो. पुढेही त्याने कुंचला खाली ठेवला नाही. १८८२ साली गॉटहार्डची रेल्वे सुरू झाली आणि घाटातल्या घोडागाडीची सद्दी संपली. १८९८ साली, कोलरच्या सत्तरीनिमित्त, झ्युरिकने त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. १९०५च्या जानेवारीत तो त्याच शहरात वारला.