एका नावाच्या दोन चिंबोऱ्या



वसंतातल्या व्याख्यानाला चिंबोरीचा विषय निवडला, म्हणून काही मंडळींना आपण सभेऐवजी पंगतीला आलो की काय असे वाटेल. माझी त्याला हरकत नाही. पेण-रोह्याच्या माणसाला चिंबोरी शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. ती भरलेली की पोकळ, नर की मादी, हे तो हातात घेताच सांगतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. बाजारात शेजारी शेजारी बांधून ठेवलेल्या दोन चिंबोऱ्या एकाच जातीच्या आहेत काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याचा उलगडा होण्यास सुमारे सव्वादोनशे वर्षे लागली, आणि खाडीकाठच्या कितीतरी घरांचा हिशेब त्यात अडकलेला आहे.

आधी या प्राण्याचे घर पाहू. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, नागोठण्यावरून खाली येते, धरमतरपाशी तिची खाडी होते आणि रेवस-करंजाकडे ती मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. एकेकाळी मुंबईची आगबोट धरमतरला लागत असे. आता मालाच्या बार्जेस ये-जा करतात. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. पावसाळ्यात डोंगरचे पाणी लोटले की खाडीचा खारेपणा उतरतो, आणि उन्हाळ्यात तो पुन्हा चढतो. म्हणजे घर तेच, पण त्यातले पाणी ऋतूप्रमाणे बदलते. हे पाणी कोणाला मानवते आणि कोणाला नाही, यावर कांदळवनात कोण नांदेल ते ठरते.

आता नावाची कथा ऐका. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत फोर्स्कॉल नावाचा निसर्गशास्त्रज्ञ होता. १७६३ साली तो येमेनमध्ये वारला. त्याचा सोबती नीबूर पुढे मुंबईस आला, येथे वर्षभराहून अधिक राहिला आणि स्वदेशी परतल्यावर १७७५ मध्ये त्याने मित्राची टिपणे छापली. त्या टिपणांत तांबड्या समुद्राच्या एका खेकड्याला ‘सेराटा’, म्हणजे करवतीसारखा, असे नाव दिलेले होते. चिंबोरीच्या पाठीच्या कडेला प्रत्येक बाजूस नऊ दाते असतात, तेव्हा नाव शोभते खरे. अडचण एवढीच, की तिच्या सगळ्या भावंडांना तशीच करवत असते!

पुढे कोणी या कुळात तीन-चार प्रकार मानले, तर १९६० साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा अभ्यासकांनी सर्वांना एकाच जातीत बसवले. आपल्याकडे मोठी आणि लहान असा भेद ओळखला गेला होता. पण अनेक वर्षे लहानीला ‘सेराटा’ आणि मोठीला ‘ट्रँक्विबारिका’ म्हणत. अखेर १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान या तिघांनी अंगाची मापे, प्रथिने आणि आनुवंशिक द्रव्य अशा तीन वाटांनी तपास करून चार जाती वेगळ्या काढल्या. तेव्हा कळले ते असे, की आपली मोठी हिरवी चिंबोरी हीच खरी ‘सेराटा’, आणि लहान तपकिरी-तांबूस चिंबोरी ही ‘ऑलिव्हेशिया’. थोरलीचे नाव धाकटीला लागले होते! त्यामुळे जुन्या भारतीय अहवालात ‘सेराटा’ हा शब्द दिसला, की तो कोणत्या प्राण्याविषयी आहे हे आधी विचारावे लागते.

ओळखायचे कसे? रंगावर भिस्त ठेवू नये; चिखल, पाणी आणि कात टाकण्याचा काळ यांप्रमाणे तो बदलतो. आकारावरही नको, कारण थोरलीचे पिल्लू धाकटीएवढेच असते. तीन ठिकाणी पाहावे. पहिले, दोन डोळ्यांच्या मधले कपाळ. तेथे चार दाते असतात. सेराटाचे उंच, ऑलिव्हेशियाचे बसके आणि गोलट. दुसरे, नांगीचे मनगट. त्याच्या बाहेरच्या बाजूस सेराटाला दोन ठसठशीत काटे असतात. ऑलिव्हेशियाला बहुधा एखादा बोथट उंचवटाच. तिसरे, पाय. सेराटाच्या सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असते. ऑलिव्हेशियाचे पाय जवळजवळ कोरे. एका खुणेवर निकाल देऊ नये, तिन्ही जुळल्या म्हणजे द्यावा.

कोणी म्हणेल, रस्सा दोहींचाही उत्तमच होतो, मग हा खटाटोप कशाला? कारण दोघींचे वागणे निराळे आहे. सेराटा समुद्राच्या खारट पाण्याशी अधिक सलगी ठेवते आणि पाण्यात मोकळी हिंडते. ऑलिव्हेशिया पावसाळ्यात गोडसर होणाऱ्या किनाऱ्यांवर नांदते आणि बीळ धरून राहते. त्यामुळे बिळात आकडी घालून धरलेल्या आणि सापळ्यात आलेल्या चिंबोऱ्यांत दोन्ही जातींचे प्रमाण सारखेच असेल असे मानता येत नाही. अंडी घालावयास मात्र मादीला समुद्राकडेच जावे लागते. पोटाखाली लाखो अंडी घेऊन ती जाते, पिल्ले खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतात आणि पुन्हा खाडीकडे वळतात. त्या वयात तर डोळ्यांनी त्यांची जात सांगणे जवळजवळ अशक्यच.

आता हिशेबाकडे येऊ. कोणी खाडीतले बीज गोळा करून तळ्यात सोडले आणि ते धाकटीचे निघाले, तर महिनोन् महिने खाऊ घालूनही थोरलीचे वजन भरणार नाही. आणि भाव तर वजनावर ठरतो. तो बिचारा पाण्याला दोष देईल, खाद्याला देईल, नशिबाला देईल. दोष ओळखीचा! दुसरी गोष्ट. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. असा नियम शहाणपणाचा आहे, पण तो जातीगणिकच लागू पडतो. जो आकार धाकटीच्या आईचा, तो थोरलीच्या पोरीचा असू शकतो. दोघींना एकच माप लावले, तर थोरलीच्या पोरी वाढण्याआधीच पाटीत जातील.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ‘चिंबोरी कमी झाली’ असे आपण ऐकतो. कोणती? थोरली निम्म्यावर आली आणि धाकटी तेवढीच वाढली, तर बाजारातल्या पाट्या भरलेल्याच दिसतील आणि नुकसान कोणाच्या ध्यानीही येणार नाही. कांदळ तुटला, बंदिस्ती झाली, गाळ उपसला, तर त्याचा घाव दोघींवर सारखा बसेलच असे नाही. एका नावाखाली दोन जीव मोजणे म्हणजे दोन भावांचा जमाखर्च एकाच खात्यात लिहिणे. त्यातला एक भिकेला लागला, तरी वही बिनतक्रार जुळते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी भरतीची वेळ, ठिकाण, पकडण्याची रीत, रुंदी आणि या तीन खुणा वहीत लिहाव्यात. कपाळाचे आणि मनगटाचे छायाचित्र काढावे. ते आज प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्राने होते. नाव पुढे चुकले असे ठरले, तरी छायाचित्र पाहून ते सुधारता येईल. जुन्या अहवालांतल्या नुसत्या नावांना ती सोय नव्हती, आणि म्हणूनच ती आज आपल्याला दगा देतात.

उद्या सकाळी बाजारात जाल, तेव्हा भाव विचारण्यापूर्वी चिंबोरीच्या कपाळाकडे एकदा निरखून पाहा. नांगी नीट बांधलेली आहे, एवढी खात्री मात्र आधी करून घ्या!