परदेशातील पहिले बिऱ्हाड

(परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या उमेदवारांविषयीच्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राचा संबंध आजचा नाही. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि आपली मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-नगरे आहेत. २०२४ साली उभय राज्यांत कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि परिचारिका, वीजतंत्री अशा अनेक व्यवसायांतील आपल्या तरुणांपुढे नवी वाट खुली झाली. भाषेचे वर्ग, प्रमाणपत्रे आणि पारपत्र ह्यांविषयी पुष्कळ सांगितले जाते. परंतु तेथे ज्या घरात राहावयाचे त्या घरातील वीज, पाणी आणि उष्णता ह्यांचा व्यवहार कसा चालतो, हे क्वचितच सांगितले जाते. आज मी तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

ह्या व्यवहारातील मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगता येते : तेथे महिन्याचा हप्ता म्हणजे बिल नव्हे. आपल्याकडे मीटरवर जितकी युनिटे फिरली तितक्यांचे बिल येते. पंखा जास्त चालला की पुढच्याच बिलात ते कळते. जर्मनीत वर्षभराच्या वापराचा आधी अंदाज बांधतात, त्याचे समान मासिक हप्ते पाडतात आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष वापराशी मेळ घालतात. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष जमाखर्च ह्यांतील फरक पंचायतीच्या सभासदांना मी काय सांगावा! समजा, हप्ता ६० युरोंचा आहे. वर्षात ७२० युरो भरले गेले. प्रत्यक्ष वापर १,००० युरोंचा निघाला, तर २८० युरोंची मागणी एकदम पुढे येते आणि पुढील वर्षाचा हप्ताही वाढतो. घरी कर्ज फेडण्यासाठी दरमहा पैसे धाडणाऱ्या तरुणाच्या हाती हा कागद पडला, तर त्याचे सारे गणित कोलमडते. उलट वापर कमी झाला असेल, तर जादा भरलेली रक्कम त्याला परत मिळते.

घरभाड्यातही हेच तत्त्व आहे. तेथे भाड्याचे दोन आकडे सांगतात. 'काल्टमिटे', म्हणजे थंड भाडे, हे केवळ जागेचे. 'वार्ममिटे', म्हणजे उबदार भाडे, ह्यात बहुधा उष्णता, पाणी, कचरा व जिन्याची सफाई ह्यांचा आगाऊ हप्ता धरलेला असतो. विजेचा करार मात्र बहुतेक ठिकाणी भाडेकरूने स्वतंत्रपणे करावयाचा असतो. उष्णतेच्या केंद्रीय व्यवस्थेचा खर्च वाटताना निदान निम्मा भाग ज्याच्या त्याच्या वापरावर आकारावा, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. म्हणून रेडिएटरची चावी पाचच्या आकड्यावर ठेवून खिडकी अर्धवट उघडी टाकणे महाग पडते. तीनचा आकडा सुमारे २० अंश तपमान राखतो. हवा पालटण्यासाठी चावी बंद करून खिडक्या पाचदहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात. मुळीच उघडल्या नाहीत, तर भिंतींना बुरशी धरते आणि घरमालकाशी तंटा उभा राहतो.

आता पहिल्या दिवशी करावयाची कामे. घराचा ताबा घेताना वीज, पाणी व उष्णता ह्यांच्या मीटरांचे क्रमांक आणि त्यांवरील आकडे तारखेसह लिहून घ्यावेत, छायाचित्र काढावे आणि ताब्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आधीच्या भाडेकरूचा वापर आपल्या माथी पडू नये, ह्याला दुसरा उपाय नाही. विजेचा करार केला नाही तरी दिवा लागतो, म्हणून वीज फुकट आहे असे समजू नये. बटण दाबताक्षणी त्या भागातील मूळ पुरवठादाराशी कायद्याने करार जुळतो. हा दर पुष्कळदा महाग असतो, पण दोन आठवड्यांची सूचना देऊन त्यातून बाहेर पडता येते. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट असतो. खटका मात्र निराळा. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटा आणि दिवेही नसतात, छतातून नुसत्या तारा लोंबतात. तो खर्च आधीच धरावा.

राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात निवासाची नोंद करावी लागते आणि तीसाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ह्या नोंदीनंतर नभोवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र येते. घरी दूरचित्रवाणी संच नसला तरी प्रत्येक घरामागे हे शुल्क द्यावेच लागते. २०२१ साली ते दरमहा १८.३६ युरो ठरले. हे पत्र फसवणुकीचे समजून फाडून टाकू नये. चौघे एका घरात राहत असतील, तर एकानेच भरावयाचे.

कायद्याने भाडेकरूला हक्कही दिले आहेत. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. भाड्यातील जोडखर्चाचा हिशेब वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत न दिल्यास घरमालकाला सामान्यतः वाढीव रक्कम मागता येत नाही. हिशेब मिळाल्यावर हरकत घेण्यास भाडेकरूलाही बारा महिने मिळतात. मात्र हक्क बजावावयाचा, तर कागद जपून ठेवलेला हवा.

मित्रहो, ह्यात आपण काय करू शकतो? शिक्षकांनी भाषेच्या वर्गात धड्यांबरोबर एखादा भाडेकरार व एखादे वार्षिक बिल वाचून घ्यावे. ग्रामपंचायतींनी जाणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना एवढे समजावून द्यावे की, पहिल्या वर्षी मुलाने सगळी शिल्लक घरी पाठवू नये. वर्षअखेरच्या हिशेबासाठी दरमहा थोडी रक्कम त्याच्याजवळ राहू द्यावी. घरच्यांचा तगादा थोडा सैल झाला, तर तिकडचे बिऱ्हाड स्थिर होते. आणि ते स्थिर झाले, तरच इकडच्या घराला त्याचा खरा आधार होतो.