वरचा काठ, खालचा काठ

शेजारी राष्ट्रांच्या सहकार्यात मोठ्या सत्तेने कोणती भूमिका घ्यावी, हा विषय एरवी राजधान्यांमध्येच चर्चिला जातो. तथापि महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही तीन राज्ये ज्या जिल्ह्यात एकमेकांना भिडतात, त्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावाला त्यावर बोलण्याचा अधिकार भूगोलाने आणि इतिहासानेही दिलेला आहे.

आमगावाजवळचे पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे मूळ गाव असल्याचे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि वाकाटकांची राजधानीही काही काळ तेथेच असावी असे त्यांचे प्रतिपादन होते. याच वाकाटक घराण्यातील दुसऱ्या रुद्रसेनाला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली कन्या प्रभावतीगुप्ता दिली, आणि पतीच्या निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहिला. तिच्या पुणे ताम्रपटाच्या आरंभी जी वंशावळ येते ती सासरच्या वाकाटकांची नसून माहेरच्या गुप्तांची आहे. बलाढ्य शेजाऱ्याच्या मैत्रीने संरक्षण मिळते, पण त्याच मैत्रीत आपली ओळख झाकली जाते, ही लहान राज्यांची धास्ती किती जुनी आहे याचा यापेक्षा बोलका लेखी पुरावा क्वचितच सापडेल.

८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सात देशांनी ‘सार्क’ म्हणजे दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना स्थापन केली, तेव्हा ही धास्ती सनदेतच उतरली. सर्व निर्णय एकमताने घ्यावेत आणि द्विपक्षीय, म्हणजे दोनच देशांमधील, वादाचे प्रश्न चर्चेत आणू नयेत, असे ठरले. लहान देशांना भारताच्या वर्चस्वाची शंका होती आणि भारताला सर्व शेजारी एकत्र येऊन आपल्यावर दबाव आणतील अशी शंका होती. सनदेने दोन्ही शंकांचे समाधान केले, मात्र त्यामुळे संघटनेच्या हाती फारसे काही उरले नाही. नोव्हेंबर २०१४ मधील काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद झालेली नाही. याचा दोष पाकिस्तानच्या धोरणावर ठेवणे अयोग्य नाही, परंतु ते स्पष्टीकरण अपुरे आहे.

मूळ अडचण नकाशातच दिसते. नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांच्या सीमा भारताला लागून आहेत, पण एकमेकांना नाहीत. त्यामुळे त्यांच्यातील कोणताही भूमार्गी व्यवहार भारताच्या हद्दीतूनच होतो, आणि मोठी सत्ता एकाच वेळी पक्षकार, वाट देणारी आणि व्यवस्थापक ठरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय वाहिन्यांतून बांगलादेशात जाते. आकडा किरकोळ आहे, पण भारताने येथे दान दिलेले नाही, वाट दिली आहे, आणि या दोहोंत मोठा फरक आहे.

पाण्याच्या बाबतीत हा फरक गोंदियाकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. बाघ नदी याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावून पुढे बालाघाटच्या सीमेवरून वैनगंगेला मिळते, आणि तिच्यावरील सिरपूर-पुजारीटोला प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचा संयुक्त आहे. म्हणजे बाघेच्या बाबतीत महाराष्ट्र वरच्या काठावर आहे. वैनगंगेच्या बाबतीत नेमके उलट घडते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अतिवृष्टीबरोबरच मध्य प्रदेशातील संजय सरोवराच्या विसर्गाने, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याने, पूर्व विदर्भातील गावे बुडाली, तेव्हा किती पाणी केव्हा सुटणार ही माहिती वेळेवर मिळणे हेच सर्वांत मोठे साहाय्य असते, हे खालच्या काठाला कळले. राज्यांमधील वादासाठी निदान लवाद तरी असतो. वैनगंगा ज्यात येते त्या गोदावरी खोऱ्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला. राष्ट्रांच्या डोक्यावर असे कोणी नसते, म्हणून तेथे बलवान पक्षाने स्वतःलाच नियमात बांधून घ्यावे लागते.

भारतही ब्रह्मपुत्रेवर चीनच्या खाली आहे आणि गंगेवर बांगलादेशाच्या वर. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची जी माहिती तो चीनकडे मागतो, तीच गंगेबाबत न कुरकुरता देणे त्याला भाग आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराने हे काही अंशी साधले. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळात फरक्का येथील प्रवाह दर दहा दिवसांच्या हिशेबाने वाटला जातो, आणि तो ७० हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही देशांना निम्मे-निम्मे पाणी मिळते. पुढे पंतप्रधान झालेल्या इंद्रकुमार गुजराल यांनी त्या काळात लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याचे जे धोरण मांडले, त्याचे कौतुक पुष्कळ झाले. पण पंतप्रधान बदलल्यावरही टिकले ते औदार्य नव्हे, पाणीवाटपाचे हे कोष्टक होय.

त्या कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते, म्हणून स्वागत समितीने या परिषदेचे पहिले सत्र त्यालाच दिले आहे. प्रवाह ५० हजार क्युसेकच्या खाली गेल्यास दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करावी, एवढेच करारात म्हटले आहे, आणि त्या अवस्थेत प्रत्येकाला किमान किती पाणी मिळेल हे सांगितलेले नाही. नव्या करारात ही जागा कशी भरावी, याविषयी अभ्यासकांनी आपली मते मांडावीत, अशी विनंती करून सभेची सूत्रे अध्यक्षांकडे सोपविण्यात येत आहेत.