वाचनखुणा: ठेवणे आणि सापडणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा आम्ही संपाविषयी किंवा नव्या श्रमसंहितांविषयी बोलू, असा त्यांचा समज असणार. आम्ही विषय कळविला, 'संगणकावरील वाचनखुणा कशा ठेवाव्यात'. लगेच चालकांचा फोन आला, "कळविण्यात काही चूक तर नाही ना?" चूक नाही. तीस वर्षे कामगारांच्या कचेरीत बसून आम्ही जे शिकलो, त्यातील निम्मे कागद शोधण्याविषयीचे आहे. वेळेवर सापडत नाही तो कागद नसल्यातच जमा. आणि अलीकडे कागद म्हणजे बहुधा कोठल्या तरी संकेतस्थळावरचे एक पान.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट सांगतो. एका कंत्राटदाराकडे झाडलोट करणाऱ्या बाई आमच्या कचेरीत आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी पगाराच्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, महागाईचा फरक मला मिळाला का बुडाला, तेवढं बघून सांगा." प्रश्न सरळ होता. आपल्या राज्यात किमान वेतनावरील विशेष भत्त्याचे दर सहा सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलत आले आहेत. ज्या सहामाहीची पावती, त्या सहामाहीचे दरपत्रक शेजारी ठेवावयाचे आणि वजाबाकी करावयाची. ते दरपत्रक आम्ही पूर्वी पाहिले होते, त्याची खूणही ठेवली होती. आम्ही 'महागाई' हा शब्द घालून शोधले, काही नाही. अकराशे खुणा वरपासून खालपर्यंत चाळल्या. पाऊण तासाने ती सापडली, 'संकीर्ण' नावाच्या कप्प्यात, 'विशेष भत्ता' ह्या मथळ्याखाली. दाबून पाहतो तो काय, पान उपलब्ध नाही! त्या खात्याने मध्यंतरी संकेतस्थळ नवे केले होते आणि जुने पत्ते वाऱ्यावर सोडले होते.

बाईंचा त्या दिवसाचा खाडा झाला होता. आम्ही त्यांना म्हटले, "परवा या." कामगाराला 'परवा या' म्हणणाऱ्या कचेऱ्यांवर आम्ही आयुष्यभर मोर्चे नेले आहेत. त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता मुळापासून पाहू. आपले आजोबा पोथीत मोरपीस ठेवीत. मोरपीस पोथीतच राही; पोथी हाती आली की खूणही हाती आली. संगणकावरची खूण तशी नाही. ती पोथीत नसते, आपल्या खिशात असते. ती म्हणजे केवळ पत्त्याची चिठ्ठी. घर पाडले तरी चिठ्ठी तशीच राहते आणि आपण मात्र घर आहे अशा समजुतीत असतो. १९९३ साली मोझॅक नावाचा ब्राउझर आला, त्यात अशा पत्त्यांची यादी ठेवण्याची सोय होती. पुढच्या वर्षी नेटस्केपने तिला बुकमार्क म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. आम्ही वाचनखूण म्हणतो.

खुणा वाढू लागल्या की माणूस कप्पे करतो. एक कप्पा वेतनाचा, एक ग्रॅच्युइटीचा, एक अपघातांचा. पहिले शंभर दिवस हे छान चालते. मग एक पान येते: कंत्राटी सफाई कामगार स्त्रीच्या ग्रॅच्युइटीसंबंधीचा निकाल. हे कोठे ठेवावे? कंत्राटात, स्त्रियांत, की ग्रॅच्युइटीत? एका कप्प्यात घातले की बाकीच्या दोन कप्प्यांतून ते हरवले. ज्याला निर्णय होत नाही तो 'संकीर्ण' नावाचा कप्पा उघडतो, आणि मग तोच सर्वांत मोठा होतो.

ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. आम्ही आठवी नापास. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, आणि तेथल्या ग्रंथपालबाईंनीच आम्हांला प्रथम शियाली रामामृत रंगनाथन ह्यांचे नाव सांगितले. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधी आहे. अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई ह्यांनी १८७६ साली ज्ञानाचे दहा मोठे विभाग पाडून प्रत्येक पुस्तकाला एक जागा नेमून दिली होती. रंगनाथन ह्यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात उलट्या बाजूने विचार केला. पुस्तक कोणत्या खणात बसते हे विचारण्याआधी त्याला किती अंगे आहेत हे विचारावे, आणि त्या अंगांच्या जोडणीतून त्याचा क्रमांक बनवावा. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशी पाच अंगे त्यांनी सांगितली. ही नावे भारी वाटतात. आमच्या कचेरीपुरते आम्ही त्यांचे ओबडधोबड रूपांतर केले आहे: कोण, कशाबद्दल, कोठे, कधी.

टॅग म्हणतात तो हाच प्रकार. कप्प्याऐवजी चिठ्ठीवर शब्द लिहावयाचे, आणि हवे तितके लिहावयाचे. वरच्या निकालावर 'सफाई', 'कंत्राटी', 'ग्रॅच्युइटी', 'महिला' असे चार शब्द लिहिले की चारही वाटांनी तो सापडतो. 'सफाई' आणि 'ग्रॅच्युइटी' एकदम विचारले की अकराशेंतून नेमके पाच-सहा उरतात. फायरफॉक्समध्ये ही सोय २००८ पासून आहे. तारा दाबावा, टॅगच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन शब्द लिहावेत.

ही रीत जगभर पसरविण्याचे श्रेय मोठ्या अंशी डिलिशियस ह्या संकेतस्थळाला आहे. जोशुआ शॅक्टर नावाच्या गृहस्थांनी ते २००३ साली काढले. आधी ते स्वतःचे पत्ते एका साध्या फायलीत ठेवीत आणि पत्त्यापुढे एखादा शब्द टाकीत. तीच युक्ती त्यांनी सर्वांना खुली केली. एकाने लावलेली खूण दुसऱ्याला दिसे, एकाच पानाला शंभर लोकांनी कोणते शब्द लावले तेही दिसे. लाखो लोकांनी तेथे आपापल्या खुणा वर्गवार लावल्या, त्याही बिनपगारी. पुढे २००५ च्या डिसेंबरात याहूने ते विकत घेतले. २०१० च्या डिसेंबरात, बंद करावयाच्या सेवांच्या यादीत त्याचे नाव आहे असे फुटलेल्या एका कागदावरून कळले आणि लोकांची पळापळ झाली. २०११ साली यूट्यूबच्या संस्थापकांनी ते घेतले, मग आणखी हात बदलले, आणि २०१७ साली पिनबोर्ड ह्या प्रतिस्पर्ध्याने ते ३५,००० डॉलरांना घेऊन नव्या खुणांसाठी बंद केले. गिरणी विकली तर कामगार दाराशी उभा राहून निदान घोषणा देतो. येथे दारच नव्हते! गूगल बुकमार्क्स २०२१ साली बंद झाले, आणि २००७ पासून चालत आलेले पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सेवा कोणतीही वापरा, परंतु खुणांची फायल दर महिन्याला आपल्याकडे उतरवून घ्या. गंमत पाहा. नेटस्केप केव्हाच इतिहासजमा झाला, पण त्याने ठरविलेली खुणांच्या फायलीची घडण आजही बहुतेक सर्व ब्राउझर समजून घेतात. फायलीबरोबर टॅगही उतरले की नाही, हे मात्र एकदा उघडून पाहावे. क्रोमसारख्या ब्राउझरात मुळात कप्प्यांवरच भिस्त आहे.

आता खरी भानगड. शब्द कोणाचे? संगणकाला 'पगार', 'वेतन' आणि 'मजुरी' ही तीन निराळी माणसे वाटतात. आमच्या खुणांत 'ग्रॅच्युइटी', 'ग्रॅच्युटी' आणि 'उपदान' अशी एकाच गोष्टीची तीन घरे झाली होती. आणखी एक मौज आम्हांला एका तरुण सभासदाने दाखविली. 'कर्मचाऱ्यांचे' ह्या शब्दातील 'ऱ्या' दोन तऱ्हेने टंकता येतो. डोळ्यांना बहुधा दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते भिन्न असू शकतात. म्हणून टॅगमध्ये विभक्ती नको, 'कर्मचारी' एवढेच पुरे.

शब्द ठरविण्यासाठी आम्ही कचेरीत बैठक घेतली. ती चार तास चालली, एवढा वेळ आम्ही बोनसच्या मागणीलाही दिला नव्हता! आमचे वकीलमित्र म्हणाले, कायद्याचा शब्द घ्या, 'विशेष भत्ता'. आम्ही म्हटले, बाई 'महागाई' म्हणाल्या होत्या. दाराशी येऊन विचारणारा जो शब्द बोलतो तो पहिला. कायद्याचा शब्द दुसरा, पण तोही हवा, कारण अर्जात तोच लिहावा लागतो. असे साठ शब्द ठरले. ते पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले आहेत. नवा शब्द हवा असेल तर आधी पुठ्ठ्यावर, मग यंत्रात. 'महत्त्वाचे' आणि 'नंतर वाचणे' हे दोन टॅग मात्र ठरावाने बंद केले. पहिला आम्हीच तीनशे खुणांना लावला होता. दुसऱ्यातले नंतर कधी कोणी वाचले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले. कप्पे असते तर आमची सगळी कचेरी उलथीपालथी करावी लागली असती. टॅग असल्यामुळे 'किमान-वेतन-१९४८' ह्या शब्दाशेजारी 'वेतन-संहिता' एवढा शब्द वाढविला. जुना पुसला नाही. जुन्या काळातील येणे जुन्या कायद्याच्या नावानेच विचारले जाते.

उरला पडलेल्या घराचा प्रश्न. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी नाहीशी झाली होती. तेव्हा कामाच्या पानाची नुसती खूण ठेवून भागत नाही, प्रत ठेवली पाहिजे. झोटेरो नावाची एक फुकट आज्ञावली २००६ पासून आहे; ती पत्ता, टॅग आणि पानाची प्रत एकत्र ठेवते. अभ्यासकांसाठी केलेली असली तरी आमच्यासारख्यांनाही वापरता येते. तेवढे नको असेल तर पान पीडीएफ करून ठेवावे आणि फायलीच्या नावात तेच टॅग घालावेत.

आमच्या मेलेल्या पत्त्याचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्ह ह्या संस्थेने २००१ पासून जुन्या पानांचे भांडार सर्वांना खुले केले आहे. त्यात तो मेलेला पत्ता घातला आणि दरपत्रकाची जुनी प्रत निघाली. पत्ता जपून ठेवला म्हणूनच ती विचारता आली. प्रत्येक वेळी असे नशीब साथ देत नाही, पुष्कळ पाने तेथेही नसतात. बाई ठरल्याप्रमाणे आल्या. वजाबाकी केली. दोन सहामाह्यांचा फरक बुडाला होता. अर्ज दाखल केला आहे, तारखा चालू आहेत.

दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही आणि दोन तरुण सभासद जुन्या खुणा साफ करीत बसतो. 'संकीर्ण'मध्ये अजून दोनशे चाळीस शिल्लक आहेत. कोणाला पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, येताना आपला फोन किंवा संगणक आणावा. चहा आमच्याकडे.