कॅमेरा बदलण्याआधी
(राहाता येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



अकोले तालुक्यातल्या पाड्यांवर तुम्ही काढलेले फोटो अंकासाठी माझ्याकडे येतात. या तिमाहीत त्रेचाळीस आले, छापण्याजोगे पाच निघाले. बाकीचे धूसर, काळपट, नाहीतर हललेले. कॅमेरा जुना झाला, नवा घ्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. घ्यायचा तर वसतिगृहाच्या ब्लँकेटांसाठी जमलेले पैसे तिकडे वळवावे लागतील. म्हणून तो कॅमेरा मी दोन आठवडे घरी नेऊन तपासला. तो बिघडलेला नाही.

आधी लेन्स बघा. नखाएवढ्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा असला की सगळा फोटो दुधाळ होतो आणि दिव्याभोवती वलय दिसतं. अगोदर धूळ उडवा, मग चष्म्याच्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. पदराने किंवा शर्टाने नको, धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. भंडारदऱ्याकडच्या पावसाळ्यात कॅमेरा कपाटात पडून राहिला तर लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात तो ठेवा.

मग मेनू उघडा. कार्डावर जास्त फोटो मावावेत म्हणून कुणीतरी आकार ६४० बाय ४८० करून ठेवला होता. छापताना एका इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात, म्हणजे असा फोटो जेमतेम दोन इंच रुंद छापता येतो. आकार सर्वांत मोठा ठेवा. डिजिटल झूम बंद करा. तो मधला तुकडा कापून ताणतो, जवळ काही आणत नाही. दोन पावलं पुढे जा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच बारीक होतो.

खरी अडचण उजेडाची आहे. या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा तुकडा जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आहे. कुडाच्या घरात, एका दाराच्या उजेडात त्याला पुरेसा प्रकाश मिळत नाही. मग कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, नाहीतर संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवतो. पहिल्यात फोटो हलतो, दुसऱ्यात रवा सांडल्यासारखे दाणे येतात. दोष ओळखायचा कसा? फोटो मोठा करून बघा. भिंतीसकट सगळंच फरपटलेलं असेल तर आपला हात हलला. भिंत स्वच्छ आणि फक्त मूल फरपटलेलं असेल तर मूल हललं. मागची भिंत स्वच्छ आणि चेहरा मऊ, पण फरपटलेला नाही, तर फोकस चुकला. बटण अर्धं दाबून हिरवा चौकोन चेहऱ्यावर येऊ द्या, मगच पूर्ण दाबा.

हात हलत असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, खांद्याने चौकटीचा आधार घ्या. त्याहून सोपं म्हणजे माणसाला दाराशी बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे पोचत नाही, भजनाच्या मंडळीवर तो वाया जातो. रिमझिम पावसात फ्लॅश मारला की पांढरे गोळे दिसतात. ते जवळचे थेंब असतात, त्यात चमत्कार नाही.

चेहरे काळे येतात त्याबद्दल मागे कुणी म्हणालं की आपली मुलंच काळी आहेत. हे मला मान्य नाही. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी धरतो. मागे आभाळ असलं की तो फोटो आवरता घेतो आणि चेहरा अंधारात जातो. अधिक-उणे खुणेचं बटण दाबून अर्धा ते एक अंश वर करा, किंवा आभाळाकडे पाठ करवू नका. फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवण्याची कार्डं असत, त्यांवर बराच काळ गोऱ्या बाईचंच चित्र होतं. काळ्या कातडीचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी उशिराच केला. मात्र नंतर संगणकावर मुलांना गोरं करू नका. असे फोटो मी छापणार नाही.

आता वनहक्काच्या दाव्यांचं. २००६च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं आणि एकाहून जास्त पुरावे लागतात. घर, झोपडी, बांध, सपाटीकरण या जमिनीवरच्या खुणाही नियमात पुरावा म्हणून धरल्या आहेत. अशा बांधाचे फोटो तुम्ही भर दुपारी काढता. सूर्य डोक्यावर असला की सावली पडत नाही आणि कमरेएवढा बांध सपाट दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर काढा. शेजारी माणूस उभा करा, म्हणजे उंची कळते. एक फोटो लांबून, मागचा डोंगर येईल असा, एक जवळून. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की या कॅमेऱ्याची तारीख मागे जाते, ती निघण्याआधी बघा. चुकीची तारीख असलेला फोटो समितीपुढे गेला तर त्या कुटुंबालाच उत्तरं द्यावी लागतात.

कागदाचे फोटो तर अधिकच जपून काढा. जुन्या दंडाच्या पावतीचा फोटो आला होता, त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यांवर. त्या आजीला दुसऱ्यांदा डोंगर उतरावा लागला. फ्लॅश बंद, फुलाची खूण चालू, कागद सावलीत सपाट, कॅमेरा अगदी वरून समांतर. निघण्याआधी पडद्यावर मोठा करून प्रत्येक आकडा वाचा, आणि आजींनाही दाखवा.

ब्लँकेटांचे पैसे ब्लँकेटांनाच राहू द्यावेत, असं मी समितीला लेखी कळवलं आहे.

आता दोघे-दोघे व्हा. एकाने या दाराशी बसायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. मोठा करून बघा, पापण्यांचे केस सुटे दिसले पाहिजेत. जेवणाआधी सगळ्यांचे झाले पाहिजेत.