परकी उपमा आणि आपला वाचक



आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानात बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. अशा प्रसंगी शिक्षणाचे भवितव्य, भाषेचे धोरण असे मोठे विषय घेण्याचा प्रघात आहे. मी मात्र वर्गातल्या बाकाएवढा लहान विषय निवडला आहे. इंग्रजी वाचताना अनोळखी उपमा समोर आली म्हणजे मराठी वाचकाने काय करावे, एवढाच तो प्रश्न.

विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही. शब्द अडला तर कोश आहे, वाक्य अडले तर व्याकरण आहे. उपमा अडते तेव्हा मात्र पुष्कळदा सगळे शब्द ठाऊक असतात, वाक्यरचनाही कळलेली असते, आणि तरी अर्थ हाती लागत नाही. विद्यार्थी ती ओळ ओलांडून पुढे जातो. मार्गदर्शकात छापलेला सारांश पाठ करतो, परीक्षेत गुणही मिळवतो. पण मनात कोठेतरी एक नोंद राहून जाते की, हे वाङ्मय आपल्यासाठी लिहिलेले नाही. मराठी माध्यमातून इंग्रजीकडे जाणाऱ्या किती मुलांच्या मनात ही नोंद कायमची राहिली असेल! ती पुसता येते, असे मला वाटते. आणि ती पुसण्याचे साधन आपल्याच घरात आहे.

ते साधन म्हणजे आपण शाळेत शिकलेले अलंकारशास्त्र. उपमेची चार अंगे आपल्याला पाठ असतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. चारही अंगे उपस्थित असली तर ती पूर्णोपमा, एखादे गळले तर लुप्तोपमा. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपमेचे लक्षण सांगताना एक महत्त्वाची अट घातली आहे. दोन वस्तू भिन्न असल्या पाहिजेत आणि तरीही त्यांच्यात समान धर्म असला पाहिजे. म्हणजे उपमानातले सगळेच उपमेयाला लागू करायचे नसते. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे त्यावर डाग आहेत, किंवा ते पंधरा दिवसांनी दिसेनासे होते, असे कोणी समजत नाही. असंख्य गुणांतून एक गुण उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, ही निवड आपण मराठीत इतक्या सहज करतो की, ती केल्याचे ध्यानातही येत नाही.

परभाषेत अडचण येते ती नेमकी या निवडीपाशी. परक्या वाचकाच्या दृष्टीने जवळजवळ प्रत्येक उपमा ही लुप्तोपमा असते. त्या भाषेत वाढलेल्या मुलाला साधारण धर्म न सांगता कळतो, म्हणून लेखक तो सांगत नाही. आपण कोश उघडतो. कोश आपल्याला उपमान देतो, साधारण धर्म देत नाही.

हे आपल्याच भाषेतून उलट बाजूने पाहू. आयुष्य म्हणजे अळवावरचे पाणी, असे आपण म्हणतो. मराठी शिकणारा एखादा इंग्रज कोशात ‘अळू’ पाहील. त्याला कळेल की ही एक वनस्पती आहे, तिचा कंद आणि पाने खातात, ती पाणथळ जागी वाढते. ही सारी माहिती खरी आहे, आणि उपमेसाठी सगळी निरुपयोगी. ती उपमा कंदात नाही, भाजीत नाही. पानाच्या पृष्ठभागावर आहे. पाण्याचा थेंब तेथे पसरत नाही, भिजवत नाही, मोत्यासारखा गोळा होतो आणि पान जरा हलले की घरंगळून जातो. ज्याने परसात अळू पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. ज्याने पाहिलेले नाही त्याला मात्र दहा कोश चाळूनही हे सहजी सापडणार नाही. तो इंग्रज बुद्धीने कमी नाही. त्याच्या घरामागे अळू नाही, इतकेच. आपल्या विद्यार्थ्याने इंग्रजी उपमेपुढे उभे राहताना स्वतःविषयीही हाच न्याय लावावा.

याहून फसवी परिस्थिती उपमान ओळखीचे असते तेव्हा उद्भवते. घुबड आपण सर्वांनी पाहिले आहे. मराठीत ते अशुभ आहे. आणि आपण इंदूरची माणसे घराबाहेर पडताच हिंदीत वावरतो, तेथे ‘उल्लू’ म्हणजे मूर्ख. इंग्रजीत मात्र घुबडासारखा म्हणजे शहाणा. ग्रीकांची ज्ञानदेवता अथेना हिचा तो पक्षी. अथेन्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर तो कोरलेला आहे. उलट, चालीला हत्तीची उपमा देऊन आपण ‘गजगामिनी’ म्हणतो तेव्हा आपल्याला संथ, डौलदार गती दिसते. इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा जडपणाच उभा राहील. प्राणी एकच, पण प्रत्येक भाषेने त्यातला वेगळा धर्म उचलला आहे.

ऋतूंचेही असेच. शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या अठराव्या सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करावी का, असा विचार आहे. वैशाखातली माळव्याची दुपार ज्याने सोसली आहे, त्याला ही स्तुती कशी वाटेल? आपल्याकडे माळव्याची कीर्ती आहे ती उन्हाळी दिवसांसाठी नव्हे, रात्रींसाठी. पण त्या देशात उन्हाळा ही थंडी-धुक्यानंतर वाट पाहायला लावणारी सुखाची ऋतू आहे. जून महिन्यात लंडनला सोळा तासांहून अधिक काळ उजेड असतो. हे भूगोलाच्या पुस्तकातून कळेल. परंतु ते पुस्तक हाताशी नसले तरी वाचक निराधार नाही. कवी पुढे स्वतःच सांगतो की, प्रिय व्यक्ती त्या दिवसाहूनही सौम्य आहे आणि तेथला उन्हाळाही कधी कधी अति तापतो. म्हणजे तुलना सौम्यतेची आहे, तापाची नाही. साधारण धर्म पुढच्याच ओळींत ठेवलेला आहे. उपमेपाशी अडलेल्या वाचकाने मागे कोशाकडे वळण्याआधी पुढे दोन वाक्ये वाचावीत, हा पहिला धडा येथे मिळतो.

मात्र सगळ्या उपमांना सारखे श्रम लागत नाहीत. काही उपमा वापरून वापरून झिजलेल्या असतात. एखादा निश्चितपणे मेला हे सांगण्यासाठी इंग्रजीत त्याला दाराच्या खिळ्याइतका मेलेला म्हणतात. हा प्रयोग चौदाव्या शतकापासून आढळतो. दाराच्या खिळ्यातच असे विशेष मृतपण काय, हे इंग्रजालाही सांगता येईलच असे नाही. डिकन्सने १८४३ सालच्या आपल्या नाताळच्या प्रसिद्ध कथेत हीच उपमा वापरली, आणि तिचे मर्म आपल्याला ठाऊक नाही, शवपेटीचा खिळा अधिक शोभला असता, अशी थट्टाही केली. अशा उपमांचा उगम शोधत बसू नये. वाक्प्रचार म्हणून अर्थ लक्षात ठेवावा आणि पुढे जावे. लेखकाने त्या प्रसंगासाठी घडवलेली उपमा मात्र ओलांडून जाऊ नये. ती ओलांडली तर काय हरवते, हे एका उदाहरणाने दाखवतो.

मॅथ्यू अर्नोल्डचे ‘सोहराब आणि रुस्तुम’ हे काव्य १८५३ साली प्रसिद्ध झाले. कथा मूळची फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’तली. आमूदर्या नदीच्या वाळवंटात दोन सैन्यांच्या मध्ये बाप आणि मुलगा एकमेकांना न ओळखता लढतात आणि बापाच्या हातून मुलगा मरतो. त्या द्वंद्वापूर्वी रुस्तुम दुरून येणाऱ्या अनोळखी तरुणाकडे पाहतो. येथे अर्नोल्ड एक विलक्षण उपमा देतो. हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या पहाटे एखादी श्रीमंत स्त्री आपल्या रेशमी पडद्यांतून, बधिर आणि काळवंडलेल्या बोटांनी तिची शेगडी पेटवणाऱ्या गरीब मोलकरणीकडे पाहते आणि हिचे जगणे कसे असेल, हिच्या मनात काय चालत असेल, असा विचार करते. तसा रुस्तुम त्या तरुणाकडे पाहत होता.

विद्यार्थी येथे थबकतो, आणि थबकावे हेच योग्य. इराणचा महायोद्धा आणि पलंगावरची श्रीमंत बाई! शिवाय चित्रही नीट जुळत नाही. आपले पडदे दाराखिडक्यांना असतात. मग मोलकरीण खिडकीबाहेर आहे काय? बाहेर असेल तर बाईची शेगडी कशी पेटवते? इंग्लंडच्या थंडीत श्रीमंतांच्या पलंगालाच पडदे असत आणि निजण्याच्या खोलीतच भिंतीत शेगडी असे, एवढे कळले की चित्र जागेवर येते. मच्छरदाणीतून पहाटेची कामे पाहिलेल्या आपल्या मुलांना ते कळणे अवघड नाही. काजळीने काळी झालेली बोटे तर त्यांच्या आजीच्या पिढीने चुलीपुढे अनुभवलेली आहेत.

आता साधारण धर्म कोणता? शौर्य नव्हे, श्रीमंती नव्हे. सुरक्षित अंतरावरून एका अनोळखी आयुष्याकडे कुतूहलाने पाहणे, हा धर्म वरवर पुरेसा आहे. पण आणखी एक पायरी उतरून पाहावी. त्या दोघी स्त्रिया एकाच छपराखाली आहेत. एकीच्या अंगाची ऊब दुसरीच्या गारठलेल्या बोटांतून येते. इतकी जवळीक असून एक दुसरीला ओळखत नाही, आणि कुतूहल वाटूनही पडदा बाजूला सारून विचारत नाही. इकडे रुस्तुम आणि सोहराब एका रक्ताचे आहेत. बापालाही कुतूहल वाटते आहे. नाव नीट विचारले गेले, खरे सांगितले गेले तर अनर्थ टळेल. ते होत नाही. मला तरी या काव्याची सारी शोकांतिका त्या रेशमी पडद्यात सामावलेली दिसते. मार्गदर्शकातल्या सारांशात ‘रुस्तुमने सोहराबाकडे आश्चर्याने पाहिले’ एवढेच उरते. वाक्य खरे आहे, काव्य गेले.

याच काव्यात दुसरी एक उपमा आहे. भयाने श्वास रोखून धरलेल्या इराणी सैन्याला अर्नोल्ड काबूलच्या फेरीवाल्यांची उपमा देतो. हिंदुकुश ओलांडताना ते इतक्या उंचीवर जातात की गुदमरून मेलेले पक्षी बर्फात पडलेले दिसतात. साखरेत घोळवलेली तुती चघळत ते एकामागून एक चालतात, आणि वरचे बर्फ कोसळेल या भीतीने श्वासही जपून घेतात. अर्नोल्डच्या इंग्रज वाचकांनी काबूलचे फेरीवाले कोठे पाहिले होते? म्हणून तर कवीने उपमान सविस्तर उभे केले आणि रोखलेला श्वास हा साधारण धर्म स्पष्ट शब्दांत सांगितला. या उपमेपुढे लंडनचा विद्यार्थी आणि इंदूरचा विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. परकेपणा हा आपल्याच वाट्याला आलेला उणेपणा नव्हे. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो केव्हा ना केव्हा येतोच.

शिक्षक बंधुभगिनींपुढे, धीटपणाचा दोष पत्करून, एक क्रम ठेवतो. उपमा अडली की प्रथम उपमेय कोणते ते ठरवावे आणि त्या क्षणी लेखक त्याच्याविषयी काय सांगू पाहतो ते विचारावे. मग पुढची दोन-तीन वाक्ये वाचावीत. त्यानंतर उपमानाचे चार-पाच गुण फळ्यावर लिहून प्रसंगाला न लागणारे मुलांकडूनच खोडवून घ्यावेत. एवढे झाल्यावर कोश, चित्र, भूगोल यांची मदत घ्यावी. मराठी प्रतिउपमा सर्वांत शेवटी आणावी. अनुवादकाला ती लागते. त्याचे ते कामच आहे. वाचकाला ती आरंभीच दिली तर त्याने परक्या घराचा दरवाजा उघडलाच नाही, असे होते. बर्फाच्या जागी घाईने कापूस ठेवला तर पांढरेपणा मिळेल, गारवा मिळणार नाही.

आज हातातल्या मोबाइलवर क्षणात भाषांतर मिळते, उपमेचे स्पष्टीकरणही मिळते. त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु दोन भिन्न वस्तूंत साम्य दिसल्याचा जो लख्ख क्षण असतो, तो कोणी आपल्या वतीने अनुभवून देऊ शकत नाही.

आणि या शिक्षणाचा लाभ इंग्रजीपुरता राहत नाही. दुसऱ्याच्या भाषेतले घुबड शहाणे का, हे समजून घेणाऱ्या मुलाला आपले घुबड अशुभ का, हाही प्रश्न पडतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या समाजाला हे विशेष कळायला हवे. आपण घरात एका भाषेच्या उपमांत वाढतो आणि बाजारात दुसरीच्या. दोन परसांतली झाडे ओळखणाऱ्या मुलाला तिसऱ्या परसाचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या विषयाची सेवा याहून वेगळी ती काय असणार? अडलेल्या ओळीपाशी मुलाला क्षणभर थांबू द्यावे, आणि तो थांबला म्हणून त्याला मागे पडलेला समजू नये.