युफोर्बियाचा रंग का उडतो?

आपल्या वसईत, होळी भागातल्या जुन्या घरांच्या ओट्यावर काय नि नव्या इमारतींच्या गॅलरीत काय, युफोर्बियाची कुंडी हमखास दिसते. काटेरी खोड, वर लाल फुलांचे झुबके. मूळच्या मादागास्करच्या या झाडाचं इंग्रजी नाव ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाशी जोडलं गेलं आहे. नर्सरीतून आणताना लालभडक असलेली फुलं महिन्या-दोन महिन्यांत फिकी, हिरवट होतात. मग वाटतं, रोग पडला.

बहुतेक वेळा रोग नसतो. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती खरं तर रंगलेली छोटी पानं, म्हणजे सहपत्रं. खरी फुलं मधल्या बारीक पिवळ्या ठिपक्यांत असतात. वाडीतला मोगरा दिवसभरात कोमेजतो, त्याचं म्हातारपण आपल्याला दिसतच नाही. ही सहपत्रं मात्र कित्येक आठवडे टिकतात. वय झालं की लाली ओसरते आणि पानाचा मूळचा हिरवा रंग डोकावतो.

म्हणून आधी पाहा, फिकं काय पडलंय? फक्त जुनी फुलं फिकी असतील, तर निश्चिंत राहा. नवी फुलंच फिकी उमलत असतील, तर ऊन कमी पडतंय. हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. झाड उन्हात साखर तयार करतं आणि तिच्यातूनच हे द्रव्य घडवतं. आंब्या-नारळाच्या दाट सावलीत किंवा पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत हा कारखाना मंदावतो. एप्रिल-मेच्या कडक उष्म्यातही रंग नीट भरत नाही. नत्राचं खत जास्त झालं, तर पानं माजतात आणि फुलं मागे पडतात.

उपाय साधा आहे. कुंडीला रोज चार ते सहा तास ऊन मिळू द्या. मात्र सावलीतलं झाड एकदम उन्हात ठेवू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवा. मे महिन्यात दुपारचं ऊन टाळा. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. छाटताना चीक डोळ्यांत आणि त्वचेवर जाऊ देऊ नका, तो दाहक असतो.

पुढच्या वेळी रंग उडालेला दिसला, तर औषधाची बाटली शोधण्याआधी कुंडीशेजारी खाली बसा आणि तिथून आभाळ किती दिसतं ते पाहा. झाडाला तेवढंच मिळतंय.